घाटावरचे जहाज

बुलडाणा जिल्ह्यात कोणाला गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "घाटावरचे की घाटाखालचे?" बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या डोंगराची कड. वर हवा थंड, खाली उन्हाळ्यात भट्टी पेटलेली. सोयरिकी दोन्हीकडे होतात, पण घाटावरची लेक घाटाखाली नांदायला गेली की पहिल्याच मे महिन्यात तिला माहेर आठवते.

या कडेवर पडणाऱ्या पावसाचीही अशीच वाटणी होते. बुलडाणा शहराजवळ पैनगंगा उगम पावते. तिचे पाणी पूर्वेकडे निघते, वर्धेला मिळते, पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. त्याच डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावरून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा खाली उतरतात आणि पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवजवळ तापीत शिरते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. म्हणजे राजूर घाटाच्या माथ्यावर एकाच ढगातून पडलेले दोन थेंब हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांना जाऊ शकतात. घाटाखालच्या थेंबाच्या नशिबात तर सुरत आहे. ज्या बंदराला आपले पूर्वज बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा, म्हणत ती सुरत.

हे सगळे सांगायचे कारण असे की मी लाकडाची जहाजे करतो. म्हणजे प्रतिकृती, टेबलावर मावतील एवढ्या, पण शिडाच्या दोरीपासून नांगराच्या साखळीपर्यंत सगळे मापात. पाहुणे आले की एक प्रश्न हमखास येतो, "बुलडाण्यात जहाज? इथे पाणी कुठे आहे?" कोणी लोणार सरोवराचे नाव घेतो, पण त्या खाऱ्या पाण्याचा माझ्या कामाशी काही संबंध नाही. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. तरी मला वाटते की या जिल्ह्यात जहाज उपरे नाही, आणि ते का, हे दाखवायला मी वाचकांना थोडे फिरवून आणणार आहे.

पहिला मुक्काम अजिंठा. बुलडाण्याहून लेणी दोनेक तासांच्या वाटेवर आहेत आणि आमच्या घरी बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना तिथे नेणे हे ठरलेले काम. दोन नंबरच्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवलेली आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. या चित्रात एक जहाज आहे: तीन डोलकाठ्या, उंच शिडे, डेकवर ओळीने मांडलेले रांजण, मागे वल्ह्यासारखे सुकाणू, आणि नाळेवर काढलेला डोळा. मार्गदर्शक बुद्धाच्या चित्रांपाशी जास्त थांबतो आणि इथून घाईने पुढे जातो. मला मात्र दरवेळी आश्चर्य वाटते की समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात बसून हे चित्र काढणाऱ्याला जहाज एवढे बारकाईने कसे ठाऊक होते. एक तर तो स्वतः किनाऱ्यावर गेला असेल, नाहीतर किनाऱ्यावरचा कोणी त्याच्या शेजारी बसून सांगत असेल.

त्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून भारतीय नौदलाने अलीकडे खरेखुरे जहाज बांधून घेतले. गोव्यात, दिवाड बेटावर. फळ्यांना खिळे मारलेले नाहीत, काथ्याच्या दोरीने त्या शिवल्या आहेत आणि फटींत राळ भरली आहे. जुना आराखडा हाताशी नव्हता, होते ते फक्त चित्र. म्हणून जहाज पाण्यात कसे वागेल हे पाहण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, नाव 'कौंडिण्य'. माझ्या छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्या एका मेहुण्याला मी ही बातमी कापून पाठवली होती.

दुसरा मुक्काम सिंदखेड राजा. जिजाऊसाहेबांचा जन्म इथला, लखुजी जाधवरावांच्या वाड्यातला, १५९८ चा. गावात मोती तलाव आहे. संध्याकाळी त्याच्या बांधावर बसावे आणि विचार करावा की या कोरड्या मुलखातल्या मुलीच्या मुलाने पुढे कोकणात आरमार उभे केले. त्या आरमारावर दौलतखान आणि इब्राहीमखान होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. शाळेच्या पुस्तकात किल्ले आणि तलवारी भरपूर असतात. गुराब, गलबत, तांडेल, खलाशी यांना एखादे वाक्य मिळते. समोर जंजिऱ्याचे सिद्दी होते, तेही मुसलमानच, आणि मोगलांच्या वतीने हज यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देणे हे त्यांचे काम होते. समुद्रावर कोण कोणाच्या बाजूने होते हे धर्मावरून सांगता येत नाही, एवढे जरी मुलाला त्या बांधावर कळले तरी सहल फुकट गेली नाही.

आता घाट उतरून मलकापूर. इथून बऱ्हाणपूर जवळ, आणि बऱ्हाणपूरहून सुरतेचा रस्ता मोगल काळात गजबजलेला होता. वऱ्हाडातून हजला निघालेला माणूस आधी बऱ्हाणपूर गाठायचा, मग काफिल्याबरोबर खानदेशातून सुरत, आणि तिथून जहाज. पावसाळा, वारा, चाचे, रोगराई, सगळे पार करून तो परत आला तर गाव वेशीवर जमायचे.

सगळेच परत येत नसत. १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे मोठे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतत होते. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठले आणि लुटले. खाफी खानाने या लुटीची हकीकत लिहून ठेवली आहे. बायकांवर जे गुदरले तेही त्याने लिहिले आहे. इंग्लंडमध्ये हाच एव्हरी गोष्टींचा आणि नाटकाचा नायक झाला. आजही चाच्यांच्या जहाजांचे सुटे भाग खोक्यात भरून जगभर विकले जातात, छंदी लोक ते जोडून दिवाणखान्यात ठेवतात. लुटल्या गेलेल्या हाजींच्या जहाजाचे खोके मी कधी पाहिले नाही. या गोष्टीचा मला राग येतो. आणि खरे सांगायचे तर तयार खोके न घेता स्वतः लाकूड कापायला मी लागलो त्यामागे हा रागही आहे.

पुढे आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींचे दिवस सुरू झाले. जलंबहून खामगावला फाटा गेला तो कापसासाठी. या जिल्ह्याचा कापूस गाठींतून मुंबईला आणि तिथून जहाजात बसून विलायतेला जाऊ लागला. ज्या रुळांवरून कापूस गेला त्याच रुळांवरून हाजी गेले. मलकापूर ते मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे, कागदपत्रे, लस, सामानाची बांधाबांध, आणि मग गोदीवर. मोगल लाइन कंपनीच्या जहाजांची नावे आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असत: 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'इस्लामी', 'रिजवानी', 'नूरजहाँ'. शेवटचे जहाज कोणी 'अकबर' म्हणते, कोणी 'अकबरी'. मुंबई ते जेद्दाह सुमारे २,३०० सागरी मैल. जहाज आणि हवा यांवर अवलंबून आठवडा ते दोन आठवडे. १९९५ मध्ये समुद्रमार्गे हज बंद झाला. आता सगळे विमानाने.

विमानाबद्दल माझी तक्रार नाही. वृद्ध माणसे काही तासांत सुखरूप पोहोचतात, ही अल्लाहची मेहेरबानीच आहे. पण आमच्या घरात एक माणूस असा आहे जो जहाजाने गेला होता, आणि असे लोक आता बोटांवर मोजण्याएवढे उरले आहेत.

ती माझी दादी. मरहूम दादांबरोबर ती १९८० च्या दशकात गेली. आज नव्वदीच्या आसपास आहे, काचबिंदूने दृष्टी गेली आहे, कान मात्र तीक्ष्ण. तिच्याकडून ऐकलेला प्रवास मला पाठ आहे: मलकापूर स्टेशनवर निरोप द्यायला आलेली चार गावे, प्रत्येकाकडून मागितलेली "कहा-सुना माफ", पत्र्याची पेटी, तिच्यात तळाशी स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवलेले दोघांचे कफन. तेव्हा सगळेच घेऊन जात. वाटेत मरण आले तर जनाजाची नमाज जहाजावर होई आणि मय्यत समुद्राच्या हवाली केली जाई. दादा-दादी परत आले, कफनही जमजमच्या पाण्यात भिजून, वाळून परत आले. दादांचे त्यांच्यासाठी वापरले गेले. दादीचे त्या पेटीत अजून आहे.

ऐकलेले पाठ असणे वेगळे आणि मापात बसवणे वेगळे, हे प्रतिकृती करताना कळते. गोष्ट सांगणारा "डेकवर खूप गर्दी होती" म्हणतो आणि ऐकणारा मान हलवतो. लाकूड कापणाऱ्याला विचारावे लागते: किती? बिछाना किती लांब? दोन बिछान्यांमध्ये पाऊल ठेवायला जागा होती का? पेटी उशाशी की पायथ्याशी? हे प्रश्न मी दादीला विचारू लागलो तेव्हा तिला आधी हसू आले. मग ती पलंगावर सरकून बसली आणि हाताच्या वितींनी मोजून दाखवू लागली. एवढा आपला, एवढा शेजारच्या परभणीवाल्या बाईचा. मध्ये चादर बांधून केलेला पडदा. पाण्याच्या रांगेची वाट तिने हवेत बोटाने काढली, "पानी की लाइन इधर से, और चूल्हे का धुआँ उधर से." चाळीस वर्षांत तिने या गोष्टी सांगितल्या नव्हत्या, कारण कोणी विचारल्याच नव्हत्या.

ज्यांच्या घरात जहाजाने जाऊन आलेले कोणी अजून आहे, त्यांना माझी एवढीच विनंती: "कसे वाटले" हे विचारू नका, त्याला उत्तर एकच येते, "अलहम्दुलिल्लाह". वितींत आणि पावलांत विचारा. काय खाल्ले, कशावर शिजवले, कोणत्या अंगावर झोपलात. मग बघा किती निघते.

प्रमाण मी १:२०० धरले. म्हणजे खऱ्या दोन मीटरला माझा एक सेंटिमीटर. या मापात उभा माणूस साधारण साडेआठ मिलिमीटरचा, अडीच फुटांची पेटी पावणेचार मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड. जहाज पोलादी होते, पण लाकडात करायला हरकत नाही. सांगाड्यासाठी थरांची पद्धत वापरली. जाड फळ्या जहाजाच्या आडव्या छेदांप्रमाणे कापायच्या, एकावर एक चिकटवायच्या, आणि पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या कडा रंधा आणि कानशीने घासून गोलाई आणायची. ही सोपी रीत आहे, नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

शिडाच्या जहाजाला ही रीत शोभत नाही. तिथे खऱ्या जहाजासारखेच जावे लागते. आधी कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, त्यावर फासळ्या, त्यांवर मिलिमीटरभर जाडीच्या, चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, गरम नळीवर हलक्या हाताने वाकवायची, फासळीवर बसवून चिमट्याने धरून ठेवायची, आणि दुसऱ्या बाजूला लगेच तिची जोडीदार लावायची. एकच बाजू पुढे नेली तर पठाण त्या अंगाला ओढला जातो आणि जहाज जन्मभर वाकडे राहते. घाई चालत नाही. इशानंतर दोन पट्ट्या, म्हणजे उजवी एक आणि डावी एक, एवढेच रोजचे काम.

लाकडाबद्दल बोलायला लागलो की बायको उठून जाते, तरी थोडे बोलतो. जहाजासाठी सागवानासारखे लाकूड नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या उस्तादांनी मलबारच्या सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते अजून तरंगते आहे. तरंगत असलेले सर्वांत जुने ब्रिटिश युद्धजहाज तेच. सागवानात तेल असते, त्यामुळे ते कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंड लवकर गंजत नाही. पण हाच राजा प्रतिकृतीत रुसतो. जहाज दोनशे पटीने लहान करता येते, लाकडाची छिद्रे आणि रेषा लहान करता येत नाहीत. सागाची ठळक रेष छोट्या फळीवर दोरखंडाएवढी जाड दिसते. शिवाय त्याच तेलामुळे डिंक नीट धरत नाही. थिनरने पुसून घ्यावे लागते. बारीक कामाला हळदू उत्तम. पिवळसर, एकसारखे, रेष जवळजवळ न दिसणारे. पूर्वी कंगवे आणि गिरणीतल्या बॉबिन त्याच्या करत. शिवणही चांगले. सातपुड्याच्या पायथ्याच्या सुतारांना दोन्ही ठाऊक आहेत, मागितले तर तुकडे निघतात.

तरी हज जहाजाचा डेक मी सागवानातच केला. आमचे माळवदाचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधले तेव्हा तुळया आणि दाराच्या चौकटी विकल्या गेल्या. एक तुळई मी मागे ठेवली होती. त्या तुळईखाली दादीने संसार केला. धुराने ती बाहेरून काळी होती, पटाशी मारली तर आतून मधासारखी निघाली. रेष ठळक दिसते, जाणकार नाव ठेवील, ठेवो.

बाकी सामान जिल्ह्यातच मिळते, हे पाहुण्यांना खरे वाटत नाही. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका कारागिराकडून मी तुटलेल्या नाजूक साखळीचा वीतभर तुकडा आणला, तो नांगराची साखळी झाला. सोनाराची जंतरपट्टी, म्हणजे उतरत्या मापाच्या भोकांची पोलादी पट्टी, तार ओढण्यासाठी असते. तिच्यातून बांबूची काडी ओढली की अर्ध्या मिलिमीटरच्या गोल खुंट्या तयार होतात. त्या खुंट्या फळ्यांना ठोकायच्या. दोऱ्या सुती, कापूस घाटाखालचा म्हणून नव्हे तर सूत वजनाने नैसर्गिक लोंबते म्हणून. फक्त मेण लावून त्याचे तंतू बसवावे लागतात, नाहीतर दोरीला केस आल्यासारखे दिसतात. फळ्यांमधल्या फटी दाखवायला पट्टीच्या कडेवर साधी शिसपेन्सिल फिरवली की पुरे.

आमच्या मोहल्ल्यातले एक वयस्क मिस्त्री कधीमधी येऊन बसतात. मुसलमान सुतार आपल्या हुनराचा सिलसिला हजरत नूह (अलै.) यांच्यापर्यंत नेतात, आणि सूरह अल-कमरमध्ये त्यांच्या नौकेची ओळखच फळ्या आणि खिळ्यांवरून दिली आहे, हे त्यांनीच मला दाखवले. त्यांचा एक आक्षेपही होता: डेकवर माणसांच्या मूर्ती करणार का? मी नाही म्हणालो. निर्जीव वस्तूच्या प्रतिकृतीला कोणाची हरकत नसते, माणसांच्या बाहुल्या आमच्या घरात नकोत, आणि मलाही त्या नकोच होत्या. डेकवर फक्त बिछाने आहेत, पेट्या, पाण्याच्या घागरी, चादरींचे पडदे. माणसे नमाजला उठून गेली आहेत असे वाटते. मूर्ती केल्या असत्या तर हे वाटले नसते.

नमाजचे एक कोडे मात्र मला या कामातच सुटले. आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम, लहानपणापासून हाडात बसलेले. दादी म्हणायची की जहाजावर किब्ला "फिरायचा", आणि आम्ही ती म्हातारपणाची बोली समजायचो. नकाशा पसरून जहाजाची वाट आखली तेव्हा कळले की ती अक्षरशः खरे बोलत होती. मुंबई सोडताना मक्का जवळजवळ नाळेसमोर असते. एडनच्या आखातात ती उजव्या हाताला सरकते. बाब-अल-मंदब ओलांडून लाल समुद्रात जहाज उत्तरेकडे वळते, यलमलमच्या समोर आल्याची घोषणा होते, लोक गुस्ल करून एहराम बांधतात, आणि किब्ला आता उत्तरेकडून हळूहळू उजवीकडे येतो. जेद्दाहला उतरावे तर मक्का पूर्वेला! आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेला बुलडाण्याचा शेतकरी तिथे उगवतीकडे तोंड करून उभा राहतो. विमानात हे कळायला वेळच नसतो. मी जहाजाखाली फिरता पाट बसवला आणि पाटाच्या कडेवर चार खुणा कोरल्या: मुंबई, एडन, यलमलम, जेद्दाह. जहाज ज्या खुणेवर फिरवावे तसा पितळेचा बारीक काटा किब्ला दाखवतो. मुलांना हे खेळणे सगळ्यांत आवडते.

जहाज पूर्ण व्हायला चौदा महिने लागले. गेल्या हिवाळ्यात ते दादीच्या पलंगासमोरच्या स्टुलावर ठेवले. तिने हात धुऊन मागितले. मग दोन्ही हातांनी नाळेपासून सुरुवात केली, कठड्यावरून, शिडीवरून, धुराड्यावरून बोटे नेली. कोणी बोलत नव्हते. डेकवर तिची बोटे सावकाश झाली. पडद्याची चादर, मी ती मलमलीच्या चिंधीची केली आहे, तिने चिमटीत धरली आणि तिच्या अलीकडचा बिछाना चाचपला, मग शेजारचा, मग दोन्हींच्या उशाशी असलेल्या पेट्या. एका पेटीवर बोट ठेवून ती बराच वेळ तशीच बसली. नंतर तिने त्या परभणीवाल्या बाईचे नाव घेतले, जे आम्ही कोणी कधी ऐकले नव्हते, आणि तिच्यासाठी दुआ मागितली. ती बाई परतीच्या वाटेवर समुद्रात राहिली होती.

त्यानंतर मी शेजारच्या बिछान्यावरची पेटी चिकटवलेली होती ती सोडवून बंद केली. आधी तिचे झाकण उघडे होते.

ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण आता घाटाखालून माणसे येतात. नांदुऱ्याचे एक निवृत्त शिक्षक आपल्या वडिलांचा जहाजाचा पास प्लॅस्टिकमध्ये घालून घेऊन आले. मलकापूरहून एका घराने मक्केहून आणलेली तांब्याची सुरई दाखवायला आणली. जळगाव जामोदच्या एका आजोबांनी जहाज पाहिले, कठड्याला हात लावला आणि उलटी व्हायची तेव्हा लिंबू कोणत्या खिशात ठेवायचे ते सविस्तर सांगितले. मी एक वही केली आहे. जे येतात त्यांच्याकडून साल, जहाजाचे नाव, किती दिवस लागले, बिछाना कुठे होता, एवढे लिहून घेतो. आतापर्यंत अकरा जणांची नोंद झाली. त्यांतले दोघे या वर्षात अल्लाहला प्यारे झाले.

सध्या टेबलावर कोकणातल्या फत्तेमारीचा पठाण आहे, हळदूचा. फासळ्या बसल्या, पट्ट्या पावसाळ्याआधी कापून वाळवून ठेवल्या आहेत, कारण दमट हवेत कापलेली पट्टी दिवाळीनंतर आकसते आणि फट पडते. बांबूच्या खुंट्या जंतरपट्टीतून ओढायचे काम धाकट्या मुलीने मागून घेतले आहे. तिच्या डबीत ३४० झाल्या, अजून शंभरेक लागतील.